सायीपेक्षा जरा गडद

डुलूथच्या टेकडीवर, सरोवराकडे तोंड करून बसलेलं घर.
खोली उत्तरेची. इथे ऊन येत नाही,
येतो तो पाण्यावरून परतलेला उजेड,
तापवून गार झालेल्या दुधासारखा.

भिंतीवर मी दोन चौकोन ओढलेत, हातभर रुंद,
मध्ये वीतभर जुनी भिंत.
डावा : भाजका ओट.
उजवा : वाळूचा बांध.
डब्यांवरची ही नावं कोण ठेवतं, देव जाणे;
माझ्या वहीत दोघांपुढे एकच नोंद आहे,
सायीपेक्षा जरा गडद.

बावीस वर्षं मी लोकांच्या भिंती रंगवते.
निळ्यावरून भांडताना कुणाला पाहिलं नाही.
घरं फुटायला येतात ती अशा दोन रंगांवरून
ज्यांच्यात तिसऱ्या माणसाला फरकच दिसत नाही.
फरक असतो.
ओटच्या पोटात गुलाबी दडलेला,
वाळूच्या पोटात हिरवा.
दुपारभर दोघं गुण्यागोविंदानं नांदतात;
दिवा लावला की पोटातलं ओठावर येतं.

ऐली साल्मेला म्हणते, ह्याचं काही खरं नाही.
न्याहारीला ओट, जेवणाला वाळू,
आणि विचारलं तर, "मी कधी बदललो?"
रूबेन मान खाली घालून कॉफी ढवळतो.
एकतीस वर्षं खनिजाच्या जहाजांवर सुकाणू धरलेला माणूस,
काळोखात, मैलभरावरून,
लाल दिवा की हिरवा, एवढ्यावर ज्यानं माणसं घरी आणली,
त्याला बायको विनवते आहे :
अरे, एक काहीतरी सांग.

शिडीवरून मला दिसलं.
ओटकडे पाहताना त्याचा डावा डोळा मिटतो,
वाळूकडे पाहताना उजवा.

"गेल्या आठवड्यात एकाचं झालं," तो म्हणाला,
"दुसऱ्याचं मार्चात."
मोतीबिंदू. नाव दागिन्याचं, काम पडद्याचं.

मी म्हटलं, नव्या डोळ्यानं ओट बघा,
मग जुन्यानं वाळू.
त्यानं पाहिलं. पुन्हा पाहिलं.
हात डोळ्यांवरून इकडचा तिकडे नेला, तिकडचा इकडे,
लहान मूल खेळतं तसा.
"एकच," तो म्हणाला. "हुबेहूब एकच."

म्हणजे तो बदलला नव्हताच.
एकच भिंत मागत होता, दोन खिडक्यांतून.

मग जुना डोळा झाकूनच तो ऐलीकडे वळला.
"हा स्वेटर जांभळा आहे?"
"सहा वर्षं झाली."
"मी तपकिरी समजत होतो."
"म्हणून कधी काही बोलला नाहीस," ती म्हणाली,
आणि हसली की नाही
ते त्या उजेडात मला नीट कळलं नाही.

मार्चपर्यंत थांबायचं ठरलं.
मी शिडी घेऊन गेले, चौकोन तसेच राहिले,
ऐलीनं मधल्या वीतभर भिंतीत खिळा ठोकून
कॅलेंडर टांगलं.

एप्रिलात परत आले तेव्हा सरोवरावरचा बर्फ कडाकड फुटत होता.
रूबेननं दोन्ही डोळे उघडे ठेवून
भिंतीकडे पाहिलं, बराच वेळ.
"ओट," तो म्हणाला.
मी डब्याचं झाकण उचकटत होते.
"पण जुन्या डोळ्याला वाळू दिसायची ना,
तिच्यात जरा संध्याकाळ असायची.
तसा मिळतो कुठे?"

मी रंगांची पंखी उलगडली.
मध. कणीक. जुना कागद.
चहा पिऊन ठेवलेल्या कपाचा तळ.
एकेक पट्टी भिंतीला लावून पाहिली,
तो प्रत्येकीला नको म्हणाला, अगदी सौम्यपणे,
दारावर आलेल्या विक्रेत्याला म्हणावं तसं.

शेवटी मीच म्हटलं, नाही मिळत.

बिलावर लिहिलं :
ओट, दोन गॅलन, दोन हात. छत सोडून.
ऐली म्हणाली, खिळा काढू नकोस,
कॅलेंडर तिथेच राहील.